रेशनची रांग आणि कार्डाचे रंग

मंडळाच्या चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी “तुम्ही काहीतरी इतिहासाचे लिहा” असे सांगितले, तेव्हा मी ते प्रथम हसण्यावारीच नेले. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने इतिहासावर काय लिहावयाचे? शिवाजीमहाराजांवर आणि पेशवाईवर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. पण घरी येऊन कपाटातली पत्र्याची पेटी उघडली, तर त्यात तीन पिढ्यांची रेशनकार्डे निघाली. आजेसासूबाईंच्या नावाचे एक, पिवळे पडून घडीवर फाटलेले. सासूबाईंच्या वेळचे दुसरे. आणि माझे लग्न झाले त्या वर्षी नव्याने मिळालेले तिसरे, केशरी रंगाचे. मनात आले, आपल्या घरचा इतिहास तो हाच. तेव्हा भगिनींनो, माझे चुकेल ते सांभाळून घ्या. तारखा आणि आकडे मी वाचनालयातील पुस्तकांतून व वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींतून पाहून घेतले आहेत. बाकीचे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे.

माझी पुतणी कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. मी रेशनवर लिहिते आहे असे कळल्यावर ती म्हणाली, “काकू, आमच्या पुस्तकात ह्याला मोठे नाव आहे. कार्यक्षमता की समता, असा तो वाद आहे.” मी म्हटले, “बाई, सोपे करून सांग.” तेव्हा तिने अमेरिकेतील आर्थर ओकन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्याने १९७५ साली एक पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो की, श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना द्यावयाचे म्हणजे गळक्या बादलीने पाणी नेण्यासारखे आहे. वाटेत थोडे सांडणारच. किती सांडले तरी चालेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला ही गोष्ट ऐकून जरा गंमत वाटली. चाळीच्या नळावरून चौथ्या मजल्यापर्यंत बादल्या वाहिलेल्या बायकांना हे सांगावयास पुस्तक कशाला हवे होते! पण आम्हांला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. पाणी बादलीच्या भोकातूनच सांडते असे नाही. कोणाला द्यावे, कोणाला देऊ नये, ह्याची प्रत्येक दारात थांबून चौकशी करीत गेले, तरी पाणी सांडते आणि वेळही जातो. ह्या लेखात मला तेच सांगावयाचे आहे.

आजेसासूबाई १९४३ साली नव्या नवरी म्हणून गिरणगावात आल्या. दुसरे महायुद्ध चालू होते. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्यामुळे तिकडचा तांदूळ येणे बंद झाले होते. मुंबई इलाखा तर स्वतःच्या पिकावर पोट न भरणारा. त्या वर्षी मे महिन्यात मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. आजेसासूबाई सांगत, “लग्नात चुडा मिळाला आणि दुसऱ्या महिन्यात कार्ड मिळाले. चुडा मोडला, पण कार्ड जपले.” तांदूळ लाल, जाड, खडे वेचता वेचता डोळे दुखावयाचे. रांगेत पहाटेपासून उभे राहावे लागे. त्यांची तक्रार पुष्कळ होती. पण एक गोष्ट त्या कौतुकाने सांगत. गिरणीतल्या जॉबरची बायको आणि झाडूवाल्याची बायको एकाच रांगेत, आणि दोघींच्या पिशवीत पडे ते एकाच पोत्यातले. “तिच्या तांदळात खडे निघाले तर तिचा नवरा भांडे. तो भांडला की दुसऱ्या दिवशी आमचाही तांदूळ बरा येई,” असे त्या म्हणत. हे वाक्य वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याची गरज पडेल.

त्याच वर्षी बंगालात काय झाले ते मी अलीकडेच वाचले, आणि वाचून दोन दिवस जेवण गोड लागले नाही. तेथे सरकारने व व्यापाऱ्यांनी आधी असे ठरविले की, युद्धाच्या कामाला जे उपयोगी त्यांच्याकडे धान्य प्रथम पोचले पाहिजे. कलकत्त्याचे कारखाने, गोदी, रेल्वे, सरकारी कचेऱ्या येथील माणसे ‘अग्रक्रमाची’ ठरली. मार्च १९४३ मध्ये तांदळाच्या भावावरील नियंत्रण बंगाल सरकारने उठविले आणि भाव आकाशाला भिडले. युद्धाच्या दृष्टीने पाहिले तर ही योजना कार्यक्षमच म्हणावयास हवी. कारखाने चालू राहिले. पण खेड्यातले शेतमजूर, कोळी, होड्यांवरचे नावाडी, भात कांडून पोट भरणाऱ्या बायका, ह्यांचा अग्रक्रम कोणीच लावला नव्हता. चौकशी आयोगाने १९४५ साली मृतांचा आकडा १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला आहे. कलकत्त्यात रेशनिंग सुरू झाले ते १९४४ च्या आरंभी, म्हणजे माणसे मरून गेल्यावर. तेव्हापासून रेशन म्हटले की मला प्रथम ती भात कांडणारी बाई आठवते. ती यादीत नव्हती, एवढाच तिचा अपराध.

बंगालच्या अनुभवानंतर ग्रेगरी समितीने लाखावर वस्ती असलेल्या शहरांत रेशनिंग करावे आणि मोठ्या माणसाला दिवसाला १ पौंड धान्य मिळावे अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या आग्रहाने डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठविण्यात आली. नियंत्रणामुळे काळाबाजार व लबाडी वाढते, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात खोटे काही नव्हते. पण भाव इतके चढले की सप्टेंबर १९४८ मध्ये ती पुन्हा आणावी लागली. पुढे रफी अहमद किडवाई अन्नमंत्री झाले आणि १९५४ पर्यंत त्यांनी बहुतेक बंधने सैल केली. १९५६ मध्ये अमेरिकेशी करार होऊन तिकडचा गहू येऊ लागला. १९६५ साली अन्न महामंडळ निघाले. ह्या सगळ्या येरझारा सांगत बसत नाही. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता, बाजारावर सोडावे की सरकारने हातात घ्यावे. आणि प्रत्येक वेळी उत्तर पावसाने दिले.

मिलोची आठवण मात्र सांगितलीच पाहिजे. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. १९६५-६६ च्या टंचाईत आणि पुढे १९७२ च्या दुष्काळात ती रेशनवर मिळे. सासूबाई म्हणतात, तिची भाकरी थापता थापता तुटे आणि गिळताना घशात अडे. ज्याच्या खिशात बाजारातले गहू घेण्याइतके पैसे होते, तो मिलोच्या रांगेकडे फिरकला नाही. त्याला कोणी हाकलून दिले नव्हते, अर्जही भरून घेतला नव्हता. तो आपणच गेला नाही. मला वाटते, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी अपमानाची निवड. कार्ड सर्वांना, धान्य जाडेभरडे, रांग लांब. ज्याला गरज तो उभा राहील. अर्थात मिलो चांगली होती असे म्हणावयाचे नाही. सासूबाई हे वाचतील तर मला घरात घेणार नाहीत!

१९७२ साली महागाई प्रतिकार समिती निघाली. मृणालताई गोरे, अहिल्याबाई रांगणेकर, प्रमिलाबाई दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका त्यात एकत्र आल्या. लाटणे मोर्चाला आमच्या सासूबाई गेल्या होत्या. तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे; थोरले मूल कडेवर, हातात लाटणे. त्या सांगतात की मोर्चात गिरणी कामगारांच्या बायका होत्या तशाच दादर-पार्ल्याच्या नोकरदारांच्या बायकाही होत्या. तेल, साखर, रवा, रॉकेल ही सर्वांचीच अडचण होती. थाळ्या वाजल्या त्या सर्व थरांतल्या बायकांच्या हातच्या. मंत्र्यांना ऐकावे लागले ह्याचे एक कारण मला हे वाटते. नुसत्या गरीब बायका असत्या तर त्यांच्या थाळ्यांचा आवाज इतका लांब गेला असता काय?

आता एक बाजू सांगून दुसरी दडवून ठेवणे बरे नव्हे. जुन्या पद्धतीत दोष मोठे होते. रेशन सर्वांना असे म्हणत असत, पण ते ‘सर्व’ म्हणजे मुख्यतः शहरातले सर्व. मुंबई-कलकत्त्याला धान्य नियमित येई. जेथे गरिबी अधिक त्या बिहार, उत्तर प्रदेशाच्या खेड्यांत दुकान नावाला. माझे माहेर घाटावरचे. आमच्या गावातले दुकान महिन्यातून दोन दिवस उघडे, आणि साखर येई तेवढी दोनचार वाड्यांत जाई. शहरातही ज्यांच्या घरी मोटार होती ते स्वस्त साखर सोडीत नव्हते. दुकानातले गहू रात्री मागल्या दाराने जात, हे तर लहान पोरालाही ठाऊक. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा तो कारभार. सरकारी तिजोरीवर बोजा पडतो आणि गरिबाच्या पदरात थोडेच पडते, असे जे लोक म्हणत होते ते काही गरिबांचे वैरी नव्हते.

तरीही १९८२ चे वर्ष मला आठवते. म्हणजे मी तेव्हा माहेरी रांगत होते, पण ह्या घरात ते इतक्या वेळा ऐकले आहे की माझेच झाले आहे. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. मामंजी त्यांतलेच. आदल्या वर्षीचा त्यांचा पगार पाहिला तर आमचे घर गरिबात मोडले नसते. पगारपत्रक होते, बोनस होता, घरात रेडिओ होता. आणि चार महिन्यांत सासूबाईंच्या हातातल्या पाटल्या गेल्या. त्या वर्षी घर तगले ते दोन गोष्टींवर, गावाहून आलेल्या तांदळावर आणि रेशनकार्डावर. कार्ड काढावयास कोठे जावे लागले नाही, आम्ही आता गरीब झालो असा दाखला कोणापुढे मागावा लागला नाही. ते पेटीत होतेच. गरिबी ही काही जन्मखूण नव्हे. ती येते आणि जाते. आजारपणाने येते, संपाने येते, नवरा गेल्याने येते. कागदावर तिची नोंद होईपर्यंत घरातली भांडी विकून झालेली असतात.

१९९१ नंतर सरकारचे धोरण बदलले. तिजोरीत खडखडाट होता, खर्च कमी करावयाचा होता. जून १९९७ पासून देशभर नवी पद्धत आली. दारिद्र्यरेषेखालचे व दारिद्र्यरेषेवरचे असे कुटुंबांचे दोन भाग करावयाचे. खालच्यांना स्वस्त, वरच्यांना महाग. विचार ऐकावयास किती सरळ आहे पाहा! ज्याला गरज त्यालाच द्यावे, म्हणजे तेवढ्याच पैशांत त्याला अधिक देता येईल. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मलाही ते पटले असते.

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डे आली. वर्षाचे उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळे, त्याहून अधिक पण १ लाखापर्यंत केशरी, आणि त्यावर पांढरे. त्याच वर्षी माझे लग्न झाले आणि ह्या चाळीत आल्या आल्या मी जे पहिले सार्वजनिक काम केले ते म्हणजे शेजाऱ्यांचे फॉर्म भरून देणे. अक्षर बरे म्हणून सासूबाईंनी मला पुढे केले. १५,००० ला १२ ने भागा. महिन्याला १,२५० रुपये होतात. दिवसाला ४१ रुपये, सगळ्या कुटुंबाला, मुंबईत! समोरच्या खोलीत एक मावशी राहत. नवरा वारलेला. त्या पापड लाटीत, मुलगा एका दुकानात कामाला, पगार १,४०० रुपये. मावशी खरे बोलणाऱ्या. मी लिहिण्यापूर्वी जरा थांबले, त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “चौदाशेच लिही ग. खोटे लिहून आणलेला दाणा पचत नाही.” १,४०० गुणिले १२, म्हणजे १६,८००. १,८०० रुपये जास्त झाले, आणि कार्ड केशरी आले. पापडाचे पैसे तर धरलेलेच नव्हते. आमच्याच गल्लीत दोन दुमजली गाळे असलेल्या एका गृहस्थांकडे मात्र पिवळे कार्ड होते. ते कसे, हे मी येथे लिहीत नाही. सर्वांना ठाऊक आहे.

पीठ चाळताना आपण काय करतो? बारीक चाळण घेतली तर कोंड्याबरोबर चांगले पीठही वर राहते. मोठ्या भोकांची घेतली तर पिठाबरोबर कोंडाही खाली येतो. दोन्ही न होणारी चाळण अजून कोणत्या तांबटाने केलेली नाही. सरकारच्या चाळणीचेही तेच. एक चूक म्हणजे ज्याला नको त्याला मिळणे. दुसरी म्हणजे ज्याला हवे तो बाहेर राहणे. पहिली चूक झाली की वर्तमानपत्रात मथळा येतो, बोगस कार्डे सापडली म्हणून. दुसरीचा मथळा येत नाही, कारण बाहेर राहिलेली बाई घरी जाऊन कण्या शिजविते. पण हिशेब करा. पहिल्या चुकीत पैसा वाया जातो. दुसऱ्या चुकीत माणूस वाया जाते. ह्या दोहोंना एकाच मापाने मोजणे मला जमत नाही, शिकलेल्यांना जमत असेल.

मधुरा स्वामीनाथन ह्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी नोंदविले आहे की, नव्या पद्धतीच्या आरंभी लाखो लोकांच्या धारावीत दारिद्र्यरेषेखालची म्हणून कार्डे मिळालेली कुटुंबे होती १५१. मी आकडा दोनदा वाचला. वाटले, पुढची शून्ये छापावयाची राहिली असतील!

पुढे झाले ते असे. एप्रिल २००० मध्ये केंद्राने वरच्यांसाठीचा गव्हाचा भाव किलोला ९ रुपये केला, खालच्यांसाठी साडेचार. ९ रुपयांना बाजारात त्याहून बरा गहू मिळत होता. केशरी व पांढऱ्या कार्डाची माणसे रांगेतून निघून गेली. जॉबरची बायको गेली, शाळामास्तरांची बायको गेली. रांग लहान झाली हे खरे. पण तांदळात खडे निघाल्यावर ज्याच्या भांडण्याला दुकानदार भीत असे, तोही गेला. १९९० नंतरच्या वर्षांत मुंबईतल्या वस्त्यांमधून रेशनिंग कृती समितीच्या बायका दुकानातले वजन, भाव आणि माल पाहण्याचे काम करीत असत. त्यांच्या कामाविषयी वाचले तेव्हा वाटले, आपल्यासारख्याच ह्या बायका. पण ज्या दुकानात आपले काही घ्यावयाचे नाही, त्याच्या तराजूवर डोळा ठेवावयास किती जणी दुपारची झोप मोडून जातील? आपल्या मंडळातल्यासुद्धा किती गेल्या असत्या, हे आपणच सांगावे. मी स्वतः त्या चार वर्षांत एकदाही गेले नाही. केशरी कार्ड पेटीत टाकले आणि वाण्याकडून गहू आणू लागले.

गिऱ्हाईक गेल्यामुळे दुकानदारांनाही दुकान परवडेना. जे चालू राहिले ते कशावर चालू राहिले, हे विचारू नये. आणि तिकडे सरकारी गोदामांत धान्याचे डोंगर झाले. जुलै २००२ मध्ये साठा ६ कोटी ३० लाख टनांवर गेला, जेव्हा गरज होती अडीच कोटींहूनही कमीची. राजस्थानात लोक उपाशी आणि जयपूरजवळच्या गोदामात धान्य सडते आहे, हे पाहून २००१ साली लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. चाळणीने वाचविलेला पैसा पोती राखण्यातच चालला.

२००५ साली त्या वेळच्या नियोजन आयोगाने स्वतःच तपासणी केली. त्यात निघाले की, केंद्राच्या साठ्यातून निघालेल्या सवलतीच्या धान्यापैकी १०० किलोंतले ५८ किलो दारिद्र्यरेषेखालच्या घरांपर्यंत पोचतच नाही, आणि गरिबाच्या हाती १ रुपया पडावा म्हणून सरकार ३ रुपये ६५ पैसे खर्च करते. म्हणजे कार्यक्षमतेसाठी समता सोडली, आणि हाती कार्यक्षमताही लागली नाही. पुतणीला मी हे दाखविले. ती म्हणाली, “काकू, हे सगळे चाळणीमुळेच झाले असे नाही. चोरी आधीही होती.” तिचे बरोबर आहे. चोरी आधीही होती. माझे म्हणणे एवढेच की, चोरावर लक्ष ठेवणाऱ्यांना आपण घरी पाठविले.

आमचे दीर बँकेत आहेत. त्यांचे म्हणणे निराळे. ते म्हणतात, “वहिनी, माझ्या पगाराच्या माणसाला स्वस्त तांदूळ कशाला? तो पैसा शाळेला द्या, दवाखान्याला द्या.” ह्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. सर्वांना द्यावयाचे म्हणजे धान्य अधिक लागणार, पैसा अधिक लागणार, आणि तो कोठून तरी कमी करावा लागणार. पण तामिळनाडूने १९९७ नंतरही सर्वांसाठी रेशन चालू ठेवले, २०११ पासून तर तांदूळ फुकट केला. तेथे ज्यांना तांदूळ नको त्यांनी आपण होऊन साखरेचे कार्ड घ्यावयाचे, अशी सोय आहे. “गरीब आहे” असे सिद्ध करण्याऐवजी “मला नको” असे म्हणावयाचे. दिरांना मी म्हटले, “भाऊजी, तुम्ही तेथे असता तर साखरेचेच कार्ड घेतले असते ना?” ते हसले. म्हणाले, “घेतले असते, पण तुमच्या जाऊबाईंना विचारून.”

२०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. खेड्यांतल्या १०० पैकी ७५ आणि शहरांतल्या ५० माणसांना दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य, तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट झाले. म्हणजे चाळणीची भोके पुष्कळ मोठी केली, चाळण मात्र टाकली नाही. ह्या कायद्यातले एक कलम मला फार आवडते. घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील बाई ही कार्डासाठी कुटुंबप्रमुख. सासूबाईंचे नाव कार्डाच्या माथ्यावर आले तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते तीनदा वाचले आणि मामंजींच्या फोटोपुढे नेऊन ठेवले. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून कायदा लागू झाला. शहरात ५९,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली केशरी कार्डेही यादीत घेतली. समोरच्या मावशींचे नाव त्यात बसले. चौदाशे रुपयांचा आकडा मी लिहिला होता त्याला तोवर पंधरा वर्षे होत आली होती.

आता दुकानात अंगठ्याचे यंत्र आहे. त्याने चोरी कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. आपल्या नावावरचे धान्य दुसरा उचलू शकत नाही, आणि कामासाठी परगावी गेलेल्या माणसाला तिथल्या दुकानातही मिळते. ही सोय आजेसासूबाईंनी पाहिली असती तर त्यांनी यंत्राला हळदकुंकू लावले असते. पण मावशींचा अंगठा उमटत नाही. चाळीस वर्षे पापड लाटून हाताच्या रेषा गेल्या आहेत. मुलगा लांब राहावयास गेला, मोबाईल त्याच्याजवळ. नाव कायम राहावे म्हणून पडताळणी करून घ्या असे सांगितल्यावर मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. त्यांनी अंगठा पदराला पुसला, ठेवला, धुऊन ठेवला, मी खोबरेल लावून पाहिले. यंत्र नाही म्हणाले. दुकानदाराने ऑफिसात जावयास सांगितले. ऑफिसात त्या दिवशी संबंधित माणूस नव्हता. मावशी जिन्यात बसून म्हणाल्या, “तेव्हा पगार जास्त निघाला, आता अंगठा कमी निघाला.”

येत्या शुक्रवारी पुन्हा बोलाविले आहे. वर्धापनदिनाच्या रांगोळीचे काम आटोपून मी अकराच्या सुमारास निघेन. मंडळातल्या आणखी दोघीतिघी, पांढऱ्या कार्डाच्या असल्या तरी, बरोबर आल्या तर फार बरे होईल.